पाच ठोके आणि एक फुलदाणी

वाद्यवृंदात सगळ्यात मागच्या, सगळ्यात उंच फळीवर उभं राहणाऱ्याला सगळे दिसतात आणि त्याच्याकडे मात्र कुणी पाहत नाही. अशी जागा एक तर देवाला मिळते, नाही तर टिंपनी वाजवणाऱ्याला. देवाला निदान अडीअडचणीला हाक तरी मारतात.

या जागेवर गेली सव्वीस वर्षं हंडेवाल्या बाई उभ्या होत्या. टिंपनी म्हणजे तांब्याचे चार मोठाले हंडे. तोंडावर कातडं ताणलेलं आणि खाली पायाने दाबायची पट्टी. पट्टी दाबली की कातडं ताणलं जातं, सूर चढतो. सोडली की उतरतो. बाकीचे ढोल नुसते वाजतात, हे सुरात वाजतात. हा फरक बाईंनी आयुष्यभर लोकांना समजावून सांगितला, आणि लोकांनी आयुष्यभर मान डोलावून विचारलं, "ते ठीक आहे, पण उरलेला वेळ तुम्ही काय करता?"

उरलेला वेळ त्या मोजत. पुढे बसलेले चाळीस व्हायोलिनवाले अखंड घासत असतात, त्यांना चुकायला सवड नसते. चुकलंच तर शेजारचा झाकून घेतो. मागच्या माणसाला दोनशे बारा मात्रा गप्प उभं राहायचं, दोनशे तेराव्या मात्रेला एक ठोका द्यायचा आणि पुन्हा गप्प. तो ठोका दोनशे बाराव्या मात्रेवर पडला तर शेवटच्या रांगेतला पेंगणारा श्रोताही जागा होऊन मागे बोट दाखवतो. म्हणून बाई मोजत. उजव्या मांडीवर बोटं टेकवून, ओठ न हलवता. ही सवय घरीही आली होती. भांडणात बाई एकदम गप्प झाल्या की नवरा समजून जाई, मोजणं सुरू झालंय, आणि दोनशे तेरावी मात्रा आपल्याच डोक्यात पडणार आहे.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याचाही धंदा असा, की लोकांना तो अडकल्यावरच आठवे. त्यामुळे संसार बरा चालला. बाईंना राग येई असं म्हणणं बरोबर नाही; राग त्यांच्याकडे राहायलाच होता, घरच्या माणसासारखा. अधूनमधून फिरायला बाहेर पडे, एवढंच.

ठोकाठोकी घराण्यातच होती. वडील तांबट होते. बाई दहा वर्षांच्या असताना ट्रकवरून पडलेला एक हंडा पोचा काढायला त्यांच्या दुकानात आला आणि त्याच्यामागोमाग मास्तर आले. मास्तर म्हणजे तेव्हाचे टिंपनी वाजवणारे. काटकुळे, कायम मफलरमध्ये. ते तीन दिवस दुकानात स्टूल टाकून बसले होते, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसे. तिसऱ्या दिवशी वडिलांनी हंडा चकचकीत करून समोर ठेवला. मास्तरांनी नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "आत अजून एक पोचा आहे."

"डोळ्यांना तर दिसत नाही," वडील म्हणाले.

"कानाला दिसतोय."

मुलीने आत खांद्यापर्यंत हात घातला, तळवा फिरवला आणि एका जागी थांबली. पोचा तिथेच होता, डाळीच्या दाण्याएवढा.

"हिला माझ्याकडे पाठवा," मास्तर म्हणाले.

"ठोकायलाच शिकवणार असाल तर घरी काय वाईट आहे?" असं वडील म्हणाले खरे, पण पाठवली.

मास्तरांनी शिकवलं, वाद्यवृंदाने मात्र सहजासहजी घेतलं नाही. आधी नऊ वर्षं त्रिकोण वाजवला. त्रिकोण म्हणजे लोखंडी सळईचा तुकडा, तीन जागी वाकवलेला. नऊ वर्षांत माणूसही तेवढाच वाकतो. मग टिंपनीची जागा निघाली. परीक्षा पडद्याआडून होती, म्हणजे वाजवणाऱ्याचं तोंड परीक्षकांना दिसू नये. अकरा उमेदवार आले. सातवा क्रमांक सर्वांना पसंत पडला. पडदा बाजूला झाला आणि मागे एक बाई काठ्या हातात घेऊन उभी. परीक्षकांपैकी एक गृहस्थ बराच वेळ विचार करून म्हणाले, "पण हे हंडे उचलणार कोण?"

"पियानोवाल्याला तुम्ही पियानो उचलायला लावता का?" सातव्या क्रमांकाने विचारलं.

नेमणूक झाली. बाईंच्या टिंपनीच्या नोकरीतलं पहिलं वाक्य हे असं होतं, आणि पुढची सव्वीस वर्षं त्यांनी ती पट्टी फारशी खाली आणली नाही.

अकरा वर्षांपूर्वी सगळ्यात मोठ्या हंड्याचं कातडं बदलायची वेळ आली, तेव्हा मास्तर काठी टेकत मुद्दाम आले. हात थरथरत होते, पण ओलं कातडं कड्यावर चढवताना थरथर थांबली. काम झाल्यावर म्हणाले, "कातडं मेलेलं नसतं गं. मेलेलं असतं ते जनावर." आणि जाताना, हजाराव्यांदा, तो एकच नियम सांगून गेले: हंड्यावर काही ठेवायचं नाही. काठी नाही, कागद नाही, हातरुमाल नाही. ठेवायचाच असेल तर कान. वर्षाभरात मास्तर गेले. ते कातडं राहिलं.

ते जिवंत असल्याचा एकच पुरावा होता: त्याच्यावर हवेचा परिणाम होई. दमट हवेत सैल पडे, कोरड्या हवेत ताणे. जगात बहुतेकांनी कधीच प्लास्टिक बसवलं होतं, आणि नव्या व्यवस्थापकांचंही तेच म्हणणं होतं. व्यवस्थापक आधी शीतगृहाच्या कंपनीत होते. तिथे माल नासू न देण्याचं काम होतं. इथे काय करायचं ते त्यांना अजून नीट कळलं नव्हतं, पण दार बंद ठेवायचं आणि आत काय चाललंय त्याची चौकशी करायची नाही, ही पद्धत त्यांनी सोबत आणली होती. गेल्या वर्षी समितीपुढे वाद झाला तेव्हा बाई भडकून म्हणाल्या होत्या, "ज्या दिवशी माझ्या कातड्यामुळे कार्यक्रम बिघडेल, त्या दिवशी खुशाल प्लास्टिक बसवा!" रागात माणूस जे बोलतो ते हवेत विरतं, असं म्हणतात. हे विरलं नाही. व्यवस्थापकांनी ते शब्दशः इतिवृत्तात घेतलं, आणि शेवटचं उद्गारचिन्ह काढून टाकलं.

तर कार्यक्रम त्या वर्षीचा सगळ्यात मोठा होता, आणि पहिलीच रचना अशी होती की तिची सुरुवात टिंपनीने होते. बाकी कुणी नाही. नव्वद माणसं हात रोखून बसलेली आणि मागून पाच ठोके, अगदी हळू, एकाच सुरात, जो फक्त सगळ्यात मोठ्या हंड्यातून निघे. कुणीतरी दार वाजवावं आणि घरात माणूस आहे की नाही याची त्यालाच खात्री नसावी, तसे. त्या पाच ठोक्यांवरून पुढचे सगळे आपला सूर उचलतात. सव्वीस वर्षांत बाईंना असे ठोके तीनदा मिळाले होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं, म्हणजे चौथे हे शेवटचे.

कार्यक्रम सातला. बाई नेहमीसारख्या सहाला आल्या. रंगमंचावर देणगीदारांसाठी चहापान चाललं होतं, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं; मागच्या फळीला कळवायची पद्धत नव्हती. गर्दीतून वाट काढत त्या वर चढल्या आणि थांबल्या.

हंड्यांवरची लाकडी झाकणं गायब होती. तीन हंडे उघडे होते. चौथ्यावर, सगळ्यात मोठ्या, मास्तरांच्या कातड्यावर, एक हातभर उंच काचेची फुलदाणी होती. पाण्याने भरलेली. वरून फुलं, खालून पाझर. आणि झाकणं? झाकणं पाहुण्यांमध्ये फिरत होती. आतून मऊ कापड लावलेली ती गोल झाकणं तबकं म्हणून वाढप्यांच्या हातात होती आणि एक देणगीदार बाई विचारत होत्या, "किती छान! ही कुठून आणलीत?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकातही मावेना तेव्हा तोंडावाटे बाहेर आली. "कोणी ठेवली ही?"

त्या आवाजाने तीन वाढपी जागच्या जागी थिजले. त्यांचा मुख्य पुढे आला. "बाई, साहेबांनीच सांगितलं. मागची बाजू रिकामी दिसते म्हणाले, काहीतरी उंच हवं."

"मी उभी राहते तिथे! साडेपाच फूट आहे मी!"

साहेब, म्हणजे व्यवस्थापक, हसतमुखाने आले. पाहुण्यांसमोर ते नेहमी हसतमुख असत. ओठ न हलवता म्हणाले, "बाई, आवाज. एक फुलदाणी ठेवली तर एवढं काय? शेवटी ठोकायचंच आहे ना त्याला?"

"व्हायोलिनच्या पोटावर कपबशी ठेवता का तुम्ही?"

व्यवस्थापकांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला. "व्हायोलिन सपाट नसतं," ते म्हणाले.

बाईंनी दोन्ही हातांनी फुलदाणी उचलली. क्षणभर असं वाटलं की ती आता कुठेतरी भिरकावली जाणार. एक देणगीदार बाजूलाही सरकले. पण बाईंनी ती व्यवस्थापकांच्या हातात दिली. पाणी त्यांच्या बाहीवर सांडलं. कातड्यावर, कडेजवळ, बशीएवढा गोल ओला डाग उमटला होता. बाईंनी मधल्या बोटाने हलकेच टिचकी मारली. एक सूर यायला हवा होता. दोन आले आणि एकमेकांशी भांडू लागले. कोरडं कातडं एक म्हणत होतं, ओलं दुसरंच.

तेवढ्यात वाद्यवृंदाचे संचालक आले. हातात पांढरी छडी घेऊन सर्वांना वाजवायला लावणारे गृहस्थ. स्वभाव गोड, आणि कोणतीही अडचण दुसऱ्याच्या गळ्यात घालून सोडवायची हातोटी. त्यांनी टिचकी ऐकली, डोळे मिटले. "हं. मग असं करू. आज ते पाच ठोके मागच्या मोठ्या तंतुवाद्यांना देऊ. बोटाने छेडतील. कुणाला कळणार नाही."

"मला कळेल."

"बाई, तुमच्याच भल्यासाठी. सूर हलला तर ते इतिवृत्तातलं वाक्य…"

"मला वीस मिनिटं द्या," बाई म्हणाल्या. "सूर एक झाला नाही, तर मी स्वतः खूण करेन. मग द्या कुणालाही. शिट्टीवर वाजवा."

संचालकांनी घड्याळ पाहिलं. कार्यक्रम दोन मिनिटंही पुढे ढकलता येणार नव्हता. सात वाजता प्रमुख पाहुण्यांचं भाषण, ठरवून दिलेली वेळ सात मिनिटं, की लगेच वादन.

साडेसहाला रंगमंच रिकामा झाला. बाईंनी पदराने डाग टिपला, पुसला नाही; पुसलं तर पाणी पसरतं. मग आपल्या आणि शेजारच्या अशा दोन्ही स्टँडवरचे वाचायचे दिवे वाकवून डागावर सोडले. शेजारी झांजवाला उभा होता. चाळिशीचा, गुबगुबीत, संध्याकाळभरात चारदा झांजा आपटायच्या आणि उरलेल्या वेळात विनोद सुचवायचे, असा त्याचा शिरस्ता.

"बाई, अंडं उबवताय का?"

"तोंड बंद ठेव. दिवा जवळ आण."

"जळेल."

"माहीत आहे."

घाईने वाळवलं की कातडं आकसतं, आकसलं की चिरतं. हे बाईंना माहीत होतं, मास्तरांनी बजावलं होतं. पण सात वाजले, लोक भरले, दिवे मंद झाले आणि डाग अजून अर्धा ओला होता. प्रमुख पाहुणे माइकपाशी आले. त्यांचा विषय होता: ऐकण्याचं महत्त्व.

गेल्या सव्वीस वर्षांत बाईंनी भाषणांना शिव्याच दिल्या होत्या. भाषण चालू असताना हंडे थंड होतात, हात थंड होतात, माणसं तर आधीच थंड झालेली असतात. आज प्रथमच त्या मनातल्या मनात वक्त्याला विनवत होत्या: बोल बाबा. बोल. लहानपणापासून सुरू कर.

वक्ता मात्र त्या दिवशी नेमका आटोपशीर निघाला. पाचव्या मिनिटाला "शेवटी एवढंच सांगतो" आलं. बाईंनी टिचकी मारली: दोन सूर, अजून दोनच. त्यांनी झांजवाल्याकडे पाहिलं. झांजवाल्याला वेळेवर आवाज करण्याचे पैसे मिळत होते. वक्त्याने "एवढंच" म्हणून श्वास घेतला, त्याच क्षणी झांजवाल्याने टाळी वाजवली. एकट्याने, खणखणीत. बाजूच्या मोठ्या ढोलवाल्याने उचलली, मग तुताऱ्यांनी, मग सभागृहाने. टाळी सुरू झाली की आपण का वाजवतोय ते विचारायची लोकांना सवय नसते. वक्ते भारावले. त्यांनी हातातला कागद घडी करून खिशात घातला. कागद खिशात गेला की भाषणाला तळ राहत नाही. "खरं म्हणजे," ते म्हणाले, "हे बोलणार नव्हतो, पण तुमचं प्रेम पाहून…"

आणखी दोनदा मागच्या फळीने प्रेम दाखवलं. भाषण तेवीस मिनिटं चाललं.

त्या सगळ्या वेळात बाई वाकून कातड्यावर कान ठेवून होत्या. गाल जवळजवळ टेकलेला, डोळे मिटलेले, करंगळीने कडेला हलकेच टिचक्या. शेजाऱ्यालाही ऐकू येणार नाहीत अशा. पायाची पट्टी केसभर खाली, केसभर वर. दोन सूर एकमेकांच्या जवळ येत होते, चिडून बोलणं टाकलेल्या नवराबायकोसारखे. अठराव्या मिनिटाला त्यांच्यामधली थरथर मंदावली. एकविसाव्याला थांबली. एक सूर उरला. बाईंनी दिवे विझवले.

संचालक आले, वाकले, वळले. मागे पाहून भुवई उंचावली. बाईंनी खूण केली नाही. काठ्या उचलल्या.

पाच ठोके पडले. पहिला इतका हळू की तो पडून गेल्यावर कळला. दुसऱ्याने त्याला दुजोरा दिला. तिसऱ्याला सभागृहातला खोकला थांबला. चौथा, पाचवा. आणि त्या सुराचं बोट धरून बासऱ्या आत आल्या, जसं काही घडलंच नव्हतं. तेच तर हवं असतं: काही घडलं नाही असं वाटणं. त्यासाठी बाईंना त्या दिवशी दीड तास लागला होता.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात दोन रकाने आले. एका रकान्यात एकल व्हायोलिन वाजवायला आलेल्या पाहुण्या बाईंच्या पोशाखाचा रंग, दुसऱ्यात प्रमुख पाहुण्यांचं "उत्स्फूर्त आणि रसिकांनी वारंवार दाद दिलेलं" भाषण. ठोक्यांचा उल्लेख नव्हता.

सकाळी बाई हंडे पाहायला गेल्या. झाकण उचललं. मास्तरांच्या कातड्याला कडेपासून कडेपर्यंत चीर गेली होती, बरोबर डागाच्या मधून. बाई बराच वेळ उभ्या राहिल्या. या वेळी मोजलं नाही. राग होता, पण त्यातला एक वाटा आपल्याच नावावर होता, आणि स्वतःवरचा राग सगळ्यात गैरसोयीचा. त्याला ओरडून सांगायला समोर कुणी नसतं.

समोरचं माणूस मात्र दुपारी मिळालं. कार्यालयातून पत्र आलं. एक: चहापानाच्या वेळी पाहुण्यांसमोर आरडाओरडा केला. दोन: प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना आपण वाद्यावर डोकं ठेवून झोपल्याचं अनेकांनी पाहिलं, छायाचित्र सोबत जोडलं आहे. तीन: वाद्याचं कातडं फाटल्याचं कळतं, सबब समितीसमोर आपणच केलेल्या विधानानुसार चारही वाद्यांवर प्लास्टिक का बसवू नये, याचा सही केलेला लेखी खुलासा तीन दिवसांत करावा.

छायाचित्र चांगलं आलं होतं. बाई खरोखरच गाढ झोपल्यासारख्या दिसत होत्या. तीस वर्षांत इतक्या शांत त्या कुठल्याच फोटोत नव्हत्या.

"झोपले?" स्वयंपाकघरात त्या पत्र नाचवत होत्या. "अहो, झोपले? त्या सभागृहात एकटी मी ऐकत होते! एकटी!"

"भाषण ऐकत होतीस?" नवऱ्याने विचारलं.

"कातडं!"

"मग भाषणात झोप लागली नाही हे सिद्ध करणं कठीण आहे. बाकी सगळे झोपले असतील." त्याने पत्र उलटसुलट केलं. "माझ्याकडेही असं येतं. लिफ्ट पडली तर पत्र, नाही पडली तर काही नाही. तू लिही. पण लहान लिही. लांब लिहिलंस की तुझा राग दिसेल."

"दिसू दे की!"

"तो समितीने पाहिलाय गं. फुलदाणी पाहिलेली नाही."

बाईंनी पत्र त्याच्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "खुलासा कशावर लिहायचा, ते काही पत्रात म्हटलेलं नाही ना?"

"लेखी, एवढंच आहे."

तिसऱ्या दिवशी बाई कार्यालयात गेल्या, काखेत एक गुंडाळी घेऊन. आवक-जावकच्या टेबलावर एक किडकिडीत बाई बसत. येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर शिक्का मारायचा आणि नंबर घालायचा, हा त्यांचा धर्म. एकदा चुकून आलेल्या जेवणाच्या डब्यालाही त्यांनी नंबर घातला होता. त्यांनी गुंडाळी उलगडली. पिवळसर, अर्धपारदर्शक, अर्ध्या चंद्राच्या आकाराचं, हातभर रुंद कातडं. त्यावर काळ्या शाईने, ठसठशीत अक्षरांत मजकूर.

"हे काय, ताई?"

"खुलासा. खाली सही आहे."

त्यांनी एकदा कातड्याकडे, एकदा शिक्क्याकडे पाहिलं. शिक्का शाईत बुडवला आणि मारला. कातड्यावर तो कागदापेक्षा स्वच्छ उमटला. "फाइलीत मावणार नाही," त्या म्हणाल्या, तक्रार म्हणून नव्हे, नोंद म्हणून.

व्यवस्थापकांच्या टेबलावर ते पोचलं तेव्हा बाई समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. व्यवस्थापक वाचायला गेले आणि कातडं आपोआप गुंडाळलं गेलं. अकरा वर्षं ताणून धरलेल्या वस्तूला सोडल्यावर तिचीही काही मतं असतात. त्यांनी एका बाजूला पेपरवेट ठेवला, तो गडगडला. टेलिफोन ठेवला, कातड्याने टेलिफोनसकट मान वर केली. शेवटी एका हाताने टोक दाबून धरत, दुसऱ्या हाताने जवळची जड वस्तू ओढून त्यांनी कडेवर ठेवली आणि वाचलं:

"मी झोपले नव्हते. कान लावून सूर पाहत होते. तो पाहावा लागला, कारण आपल्या सांगण्यावरून या कातड्यावर पाण्याने भरलेली फुलदाणी ठेवण्यात आली होती. तिचा डाग उजवीकडे आहे. कार्यक्रम बिघडला नाही. कातडं फाटलं, ते मी दिव्याने घाईत वाळवल्यामुळे. ती चूक माझी. फुलदाणी माझी नाही."

वाचून झालं. व्यवस्थापकांची नजर डाग शोधत उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी कातड्यावर ठेवलेली जड वस्तू म्हणजे समारंभातून कार्यालयात आलेली तीच फुलदाणी होती. फुलांसकट. पाण्यासकट.

बाईंनी मांडीवर बोटं टेकवली. एक, दोन, तीन. व्यवस्थापकांनी फुलदाणी उचलली. कातडं फटकन गुंडाळलं गेलं. त्यांनी ते पुन्हा उघडून पाहिलं, चुकून केलेली चूक पुन्हा बघावीशी वाटते तसं. डाग आता दोन झाले होते.

"हे तुम्ही मागे घ्या," ते म्हणाले. आवाज शीतगृहातला.

"नंबर पडलाय."

व्यवस्थापकांनी दाराकडे पाहून हाक मारली. आवक-जावकच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "आवक झालेलं मागे जात नाही, साहेब. पुढच्या बैठकीत समितीपुढे जातं. नियमच आहे."

"समितीपुढे? हे?"

"सोबत मीही येईन," बाई म्हणाल्या. "धरून ठेवायला कुणीतरी लागेल. नाही तर तुम्ही पुन्हा काहीतरी ठेवाल."

सहा, सात.

"बाई, तुम्हाला हवंय काय?"

"एक कातडं. करणारा म्हातारा आहे, चार महिने लावतो. तोवर त्या हंड्यावर तुमचं प्लास्टिक बसवा, मी वाजवीन. फक्त त्याच हंड्यावर. बाकीच्या तिघांना हात लावायचा नाही."

"आणि मग समितीला काय सांगायचं?"

"दुसरा डाग कुठून आला ते नका सांगू, मीही नाही सांगणार. पहिल्याचं मी सांगते."

व्यवस्थापकांनी लेटरहेड ओढलं. मागणीपत्र लिहायला त्यांना बराच वेळ लागला. 'कातडं' या शब्दापाशी पेन दोनदा थांबलं. सही झाली. बाईंनी कागद दोनदा वाचला आणि घडी न करता हातात धरला.

राग गेला नव्हता. तो जाणार नव्हता. मास्तरांचं कातडं टेबलावर गुंडाळी होऊन पडलं होतं आणि त्यावर दोन डाग, एक नंबर. पण उठताना त्यांनी आवाज चढवला नाही, आणि ते व्यवस्थापकांना जास्त लागलं.

दारापाशी त्या वळल्या.

"आणि त्यातलं पाणी बदला," फुलदाणीकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. "तीन दिवस झाले. नासायला लागलंय. तुमचं खातं ना ते?"